दिवेलागणीनंतरची धाव

(युवक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर भल्या पहाटे किंवा दिवेलागणीनंतर गेले, तर डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण-तरुणी हमखास दृष्टीस पडतात. त्यांतील अनेकांच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; तेथे काही सेकंदांचा फरक गुणांचा फरक ठरतो आणि गुणांचा फरक आयुष्याचा. दिवसा शेताची कामे असतात, महाविद्यालय असते, कुणी दुकानात नोकरी करीत असतो. उरतो तो अंधार. शहरांतही चित्र निराळे नाही. २००४ साली मुंबईत मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर धावण्याचा छंद मध्यमवर्गीय घरांत चांगलाच रुजला. परंतु कचेरीतून परतल्यावर आणि घरची कामे उरकल्यावर जो वेळ हाती लागतो, तो सूर्यास्तानंतरचाच असतो.

ही धाव कौतुकाची आहे. तिच्या वाटेवर असलेल्या धोक्याचा विचार मात्र आपल्याकडे एखादी दुर्घटना घडल्याखेरीज होत नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी पहाटे बीड–परळी मार्गावर घोडका राजुरी येथे पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तरुणांना बसची धडक बसली आणि त्यांतील तिघे प्राणास मुकले. ही मुले एकटी नव्हती, एकत्र धावत होती. त्याआधी १९ मार्च २०२३ रोजी मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी रस्त्यावर सकाळी धावणाऱ्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. त्या अनुभवी धावपटू होत्या आणि तो रस्ता महानगरातल्या प्रतिष्ठित रस्त्यांपैकी एक होता. सोबत होती तेथे सोबत पुरली नाही, आणि अनुभव होता तेथे अनुभव पुरला नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. रस्त्यावर धावणारा माणूस वाहनचालकाच्या लेखी पादचारीच असतो, आणि अंधारात तर तो त्याच्या लेखी असतोच असे नाही.

म्हणून पहिला विचार दिसण्याचा.

साधे गणित करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर कुणी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे चालकाला धावणारा माणूस किमान ४५ मीटर अंतरावरून दिसला तरच त्याचा जीव वाचण्याची आशा. काळी विजार आणि गडद निळा सदरा घातलेली आकृती खाली झुकवलेल्या दिव्यांच्या प्रकाशात इतक्या लांबून दिसेल, याची कोणतीही खात्री नसते. धावणाऱ्याला मात्र मोटारीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतात आणि तो मनाशी समजतो की, ज्या अर्थी मला गाडी दिसते आहे, त्या अर्थी गाडीवाल्यालाही मी दिसत असणार. हा समज प्राणघातक आहे.

पांढरे कपडे हा यावरचा पुरता उपाय नव्हे. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने परत फेकणाऱ्या चकचकीत पट्ट्या बाजारात थोडक्या पैशांत मिळतात, त्या हव्यात. त्या कोठे लावाव्यात, यालाही शास्त्र आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक सुंदर प्रयोग मांडला. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून त्याला काळोखात चालायला लावले आणि त्याचे चित्रीकरण लोकांना दाखवले. ठिपके स्थिर असताना काहीच बोध होत नव्हता. ते हलू लागताच, हा चालणारा माणूस आहे, हे पाहणाऱ्यांनी क्षणार्धात ओळखले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, छातीवरच्या एका पट्टीपेक्षा घोटे, गुडघे आणि मनगटे यांवरच्या पट्ट्या अधिक उपयोगी ठरतात. छातीवरची पट्टी चालकाला मैलाचा दगड वाटू शकते; खालीवर हलणारे घोटे माणूसच वाटतात. परंतु या पट्ट्या समोरून उजेड पडला तरच चमकतात. दिवा न लावता येणाऱ्या दुचाकीपुढे त्यांचा उपयोग नाही. म्हणून हातात किंवा कपाळावर छोटी विजेरीही असावी.

दुसरी गोष्ट बाजूची. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. पदपथ नसेल तर धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे. डाव्या बाजूने धावणाऱ्याच्या पाठीशी मृत्यू आला तरी त्याला कळत नाही. उजव्या बाजूने धावणाऱ्याला निदान रस्त्याखाली उतरायला दोन क्षण मिळतात. अनेकांनी मिळून धावायचे असेल तर एकामागे एक धावावे. तिघा-चौघांनी शेजारी-शेजारी धावले की रस्त्याचा एक हिस्सा अडतो आणि सोबतच संकट बनते.

तिसरी गोष्ट कान. दोन्ही कानांत गाणी भरून अंधारात धावणे म्हणजे डोळ्यांनी अर्धे गमावलेले असताना कानांनीही उरलेले गमावणे होय. अलीकडे विजेवरच्या दुचाकी जवळजवळ आवाज न करता येतात. सराव संपेपर्यंत संगीत दूर ठेवल्याने कुणाचे नुकसान होत नाही. डोळ्यांचेही भान हवे. काळोखाला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहताच तो सराव मोडतो.

ग्रामीण भागात आणखी दोन शत्रू आहेत. मण्यार आणि घोणस हे विषारी साप रात्री हिंडतात; गवताळ पायवाट टाळावी, बूट घालावेत आणि विजेरीचा उजेड पायांपुढे ठेवावा. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. कुत्री अंगावर आली तर पळत सुटू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्यांचा स्वभाव आहे. थांबावे, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावे. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, हे कधीही विसरू नये.

आता माणसांपासूनच्या धोक्याकडे वळू. येथे पहिला नियम असा की, धावायला जाणारा कोठे गेला आहे आणि किती वाजता परतेल, हे घरात एका माणसाला तरी ठाऊक असावे. वेळ टळली की त्या माणसाने दूरध्वनी करायचा, हेही आधीच ठरलेले असावे. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. अंगावर सोने असू नये. रोज तीच वाट, तीच वेळ असा पायंडा पडू देऊ नये. पाळत ठेवणाऱ्याचे काम त्याने सोपे होते. धावल्याचा नकाशा जगजाहीर करण्याची हौसही आवरावी. स्ट्राव्हा या धावपटूंच्या सेवेने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून जानेवारी २०१८ मध्ये परदेशांतील लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. जेथे सैन्याचा तळ लपला नाही, तेथे एखाद्या मुलीच्या घराचे दार कसे लपेल?

कुणी मागे येत आहे अशी शंका आली तर एकाकी वाटेने घर गाठण्याची घाई करू नये. दुकान, पेट्रोलपंप, बसस्थानक, दवाखाना, जेथे उजेड आणि माणसे असतील तेथे वळावे आणि ११२ क्रमांक लावावा. भ्रमणध्वनीतील आणीबाणीची सोय घरी बसून आधीच शिकून ठेवावी. संकटात काहीही नवे शिकता येत नाही. मोठ्याने ओरडण्याची लाज वाटू देऊ नये. कायदाही ठाऊक असावा. स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची सबब सांगून पोलीस ठाण्याला अशी तक्रार नाकारता येत नाही.

हे सारे ऐकून एखादे वडील म्हणतील, ‘‘एवढी यातायात करण्यापेक्षा पोरीने सातच्या आत घरात असलेले काय वाईट?’’ या प्रश्नामागे माया आहे, यात शंका नाही. पण त्याची किंमत कोण मोजते? राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. ती जागा मिळवायला निघालेल्या मुलीचा सराव दार बंद झाल्याने थांबतो. तिच्याच गल्लीतल्या मुलाचा थांबत नाही. मैदानावर घड्याळ दोघींत भेद करत नाही, सराव झालेलीत आणि न झालेलीत. शिवाय दिवसाचा उजेड म्हणजे अभय, हेही खरे नाही. १२ जानेवारी २०२२ रोजी आयर्लंडमधील तुलामोर गावात एक तेवीस वर्षांची शिक्षिका दुपारी कालव्याकाठी व्यायामाला गेली आणि तेथेच तिचा खून झाला. तिचे काय चुकले, असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देता येणार नाही, कारण तिचे काहीच चुकले नव्हते. सावधपणाने धोका कमी होतो. पण सावधपणात कसूर झाली म्हणून गुन्हेगाराचा गुन्हा तिच्या माथी जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा भेद नीट समजून घेतला, तर मुलगी वाटेत घडलेली छेड घरी येऊन सांगेल. आपलेच धावणे बंद होईल, या भीतीने ती गप्प राहिली, तर सर्वांत मोठा धोका घरातच निर्माण झाला असे समजावे.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की, ही मुले महामार्गावर धावतातच का? त्यांना ट्रकच्या शेजारून धावण्याची हौस नाही. गावात शाळेचे मैदान असते, पण सायंकाळी त्याच्या फाटकाला कुलूप असते आणि मैदानात दिवा नसतो. मोकळा, सपाट आणि लांब असा एकच भूभाग त्यांच्या वाट्याला येतो, तो म्हणजे रस्ता. बीडसारख्या घटनेनंतर हळहळ व्यक्त करणारे हात त्या कुलपापर्यंत पोहोचत नाहीत.

हे काम सरकारी योजनेची वाट पाहत थांबण्याजोगे नाही. गावातील चार जबाबदार माणसांनी मुख्याध्यापकांची आणि शाळा समितीची भेट घ्यावी, किल्लीची जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहून द्यावी. मैदानाच्या दोन टोकांना दोन दिवे लावण्याचा आणि विजेच्या देयकाचा भार वर्गणीतून उचलावा. पहाटे एक तास आणि सायंकाळी दोन तास एखाद्या निवृत्त शिक्षकाने, माजी सैनिकाने किंवा एखाद्या मावशींनी तेथे नुसते बसून राहावे. शहरातल्या सोसायट्यांना तर एवढेही करावे लागत नाही. बंद पडलेल्या पथदिव्याची तक्रार तो सुरू होईपर्यंत लावून धरावी आणि वाहन चालवणाऱ्या आपल्या मुलाला पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर वेग आवरायला शिकवावे. रस्त्यावरचा चालक हाही कुणाच्या तरी घरातूनच आलेला असतो.

धावणाऱ्याने दिसावे, ऐकावे आणि घरी सांगून जावे, एवढे त्याचे कर्तव्य. त्याच्यासाठी उजेडाची जागा ठेवणे हे इतरांचे. पुढच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा गावातील मुले-मुली पुन्हा अंधारातच घराबाहेर पडतील. त्याआधी मैदानाची किल्ली कुणाकडे असते, याची चौकशी करण्यासाठी उद्याची सायंकाळ पुरेशी आहे.