एक नियम, एकच जागा

आज थोडं कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे, पण पट आणि मोहरे तुमच्या ओळखीचेच आहेत.

आपल्याकडची बरीच मुलं पायथन शिकतात आणि कधीतरी स्वतःचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहायला घेतात. पट दिसतो, मोहरे हलतात, घरात कौतुक होतं. गाडी अडते ती पुढे: ही चाल नियमात बसते का, हे प्रोग्रॅमला कसं कळणार?

आमच्या मुलीचा प्रोग्रॅम इथेच अडला होता. हत्तीच्या चार दिशांचे चार तुकडे, उंटाचे आणखी चार, वजिरासाठी तेच आठ पुन्हा उतरवलेले. शिवाय प्रत्येक तुकड्यात राजाला शह बसतोय का, याची वेगळी तपासणी. एक चूक काढली की दुसरी उगवायची. ती सोडून द्यायच्या बेतात होती. पण सांगलीच्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर त्याच पटावर खेळायचं कबूल केलेलं होतं, तेही त्यांच्या नियमांनी.

अशा वेळी आमच्या व्यवसायात आधी विचारतात, मुळात प्रश्न किती आहेत? इथे दोनच. मोहरा कसा चालतो? आणि चाल केल्यावर आपला राजा सुरक्षित राहतो का?

पहिल्याचं उत्तर एका तक्त्यात मावतं. कोणत्या दिशा, आणि एकच पाऊल की वाट अडेपर्यंत. वजीर म्हणजे हत्ती अधिक उंट. तक्ता वाचणारा कोड सगळ्यांना एकच. प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं, म्हणून त्याला वेगळी जागा द्यावी लागते. पण काळ्या-पांढऱ्यासाठी दोन प्रती नकोत, फक्त दिशा उलटी करायची.

दुसऱ्यासाठी एकच फंक्शन: या घरावर शत्रूचा मारा आहे का? चाल तात्पुरती करा, राजाच्या घराबद्दल हे विचारा, आणि पट पूर्ववत करा. मारा असेल तर चाल बाद. मग राजापुढे जखडलेल्या घोड्यासाठी वेगळा नियम लागत नाही. कॅसलिंगच्या इतर अटी पाळल्या की राजाचं घर, मधलं घर आणि पोहोचायचं घर, तिघांना हाच प्रश्न. एकही चाल उरली नाही आणि शह आहे, तर मात. शह नाही, तर बरोबरी.

आँ पासाँमध्ये तर दोन प्यादी एकाच आडव्या रांगेतून एकदम नाहीशी होतात आणि हत्तीला थेट राजा दिसू शकतो. ठिगळं लावलेल्या कोडमधून हे सहज निसटतं. चाल करून मग विचारलं, की आपोआप सापडतं.

तपासायचं कसं? मोजून. सुरुवातीच्या पटावरून एक चाल खोल गेलं तर २० शक्यता, दोन चाली ४००, तीन ८,९०२, चार १,९७,२८१. आकडा चुकला तर कोड चुकला. कॅसलिंग आणि आँ पासाँ इतक्या लवकर येत नाहीत, त्यासाठी मधल्या डावाचे पट मांडून मोजावं लागतं.

आता आजोबांचे नियम. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, म्हणून आँ पासाँ नाहीच. कॅसलिंगऐवजी, शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्याची उडी. मुलीने प्याद्याचं दुहेरी पाऊल बंद केलं, कॅसलिंग काढलं, राजाला उडी दिली आणि त्याला शह बसला होता का, याची नोंद ठेवली. राजाच्या सुरक्षिततेच्या कोडला हातही लावावा लागला नाही. नियम एकाच जागी लिहिलेला असला, की बदलायलाही एकाच जागी जावं लागतं.

तेव्हा पालकहो, मूल अडलं तर कीबोर्ड हातात घेऊ नका. "प्रश्न किती आहेत?" एवढंच विचारा. आणि गावाकडे फोन कराल तेव्हा घरच्या डावाचे नियम विचारून लिहून ठेवा. ते बहुतेक कुठे लिहिलेले नसतात, आणि सांगणारी माणसं थकत चालली आहेत.