गरोदरपणातला मधुमेह आणि वारेतले रेणू



 

गरोदरपणातला मधुमेह आपल्या हाती लागतो तो बहुधा २४ ते २८व्या आठवड्यात. तोवर बाळाचे अवयव घडून झालेले असतात. हा आजार पहिल्या तिमाहीतच रक्तातून ओळखता येईल का, याचा शोध जगभर चालू आहे आणि त्यात मोठी आशा मायक्रोआरएनएंवर आहे.

जेमतेम २२ अक्षरांचे हे रेणू. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते दुसऱ्या जनुकांच्या संदेशाला चिकटतात आणि त्याचे प्रथिन होणे रोखतात. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हे दाखवले. २०२४ चे नोबेल त्याच कामाला मिळाले. २००४ मध्ये स्वादुपिंडातला मिर-३७५ हा मायक्रोआरएनए इन्सुलिनच्या स्रवण्यावर अंकुश ठेवतो हे दिसले आणि मधुमेहाचे अभ्यासक इकडे वळले.

आपल्याला त्याहून मोलाची आहे ती वार. एकोणिसाव्या गुणसूत्रावर मायक्रोआरएनएंचा एक मोठा समूह आहे. तो फक्त नरवानर गणात सापडतो आणि मुख्यतः वारेतच जागा असतो. हे रेणू आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतर लवकरच दिसेनासे होतात. म्हणजे गर्भाला सुई न लावता वारेची खबर आईच्या दंडातल्या रक्तातून मिळते. निरोगी गरोदर स्त्रियांच्या रक्तातल्या, असे रेणू वाहून नेणाऱ्या सूक्ष्म पुटिका उंदरांना दिल्या, तेव्हा उंदरांचे इन्सुलिन वाढले. मधुमेह झालेल्या गरोदर स्त्रियांच्या पुटिकांनी तसे घडले नाही. पुटिकांत मायक्रोआरएनएखेरीज बरेच काही असते हे खरे, तरी हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता अडचण. २०११ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात पुढे मधुमेह झालेल्या स्त्रियांच्या रक्तात १६ ते १९व्या आठवड्यातच मिर-२९ए, मिर-१३२ आणि मिर-२२२ कमी आढळले. पुढच्या चिनी अभ्यासांत मिर-१६, मिर-१७ आणि मिर-२०ए वाढलेले निघाले. दक्षिण आफ्रिकेत मात्र मिर-२०ए कमी भरला. वंश, वजन, गरोदरपणाचा आठवडा, यांतले काहीही कारण असू शकेल. मला अधिक शंका येते ती रक्ताच्या नळीची. मिर-१६ लाल पेशींत ठासून भरलेला असतो. रक्त काढताना पेशी फुटल्या की त्याचा आकडा चढतो. शिवाय अनेक प्रयोगशाळा याच रेणूला आधार धरून बाकीचे रेणू मोजतात. जो मापदंड, तोच रोगाची खूण कसा ठरेल? म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गरोदर बाईला लिहून द्यावी अशी एकही मायक्रोआरएनए चाचणी आज नाही, आणि कोणी विकायला आणली तर आपण ती नाकारली पाहिजे.

संशोधन मात्र आपणच केले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास भरणारी ही बाळे हातापायांनी बारीक, पण अंगात चरबी राखून असतात, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला दाखवले. अशा बाळांच्या आयांना परदेशातले आकडे जसेच्या तसे लागू पडतील असे मी मानत नाही.

तोवर आपल्या हाती ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी आहे. दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक, तर मधुमेह. बाईला उपाशीपोटी बोलवावे लागत नाही; चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीसाठी आयुष्य वेचले. सरकारी सूचनांप्रमाणे ही चाचणी पहिल्या भेटीत करायची आणि पुन्हा २४ ते २८व्या आठवड्यात. दुसरी चाचणी अनेकींची राहून जाते. मधुमेह झालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची तपासणी तर त्याहून जास्त राहते, कारण तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते.

माझी आपणांस दोनच कामांची विनंती आहे. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी संमती घेऊन पहिल्या भेटीतल्या रक्ताचा थोडा भाग, सर्वांनी एकाच ठरलेल्या पद्धतीने, गोठवून ठेवावा आणि लाल पेशी फुटल्या असतील तर तशी नोंद करावी. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने उद्या दवाखान्यात गेल्यावर रजिस्टर उघडून जिची दुसरी चाचणी राहिली आहे तिला फोन करावा, फोन लागला नाही तर आशाताईंना तिच्या घरी पाठवावे.