न गळणारी गळती
(नभोवाणीवरील भाषण)

आज सकाळीं आपल्या घरीं जी भाजी आली, तिच्यांतली बरीचशी काल रात्रीं कोठल्या तरी मालमोटारींत होती. ती मोटार वेळेवर सुरू झाली नसती तर काय, हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाहीं. ज्यांना तो रोज पडूं लागला होता अशा एका गृहस्थांची, आणि त्यांच्या ट्रकची, हकीकत मी आज सांगणार आहें.

हे गृहस्थ जुन्नर तालुक्यांतले. ट्रक एकच, तोहि वीसएक वर्षांचा. नारायणगांवचे टोमॅटो रात्रीं वाशीच्या बाजारांत नेऊन पोंचविणें हा त्यांचा व्यवसाय. कांहीं महिन्यांपूर्वीं या ट्रकला एक खोड लागली. एकदां सुरू झाला कीं बरा चाले. परंतु पांच-सहा तास उभा राहिला कीं सेल्फ मारून मारून बॅटरी दमे, तरी इंजिन दाद देत नसे. बाजाराची वेळ टळली कीं टोमॅटोचा भाव उतरतो. दोन वेळां तसें झालें. एका फिटरनें सांगितलें, 'पंप गेला, नवा घाला.' नवा पंप म्हणजे कित्येक फेऱ्यांची कमाई! मालकांनीं कर्ज काढण्याची तयारी केली, आणि मनांत दोष दिला तो ड्रायव्हरला. या वयस्क ड्रायव्हरांना सारे 'मामा' म्हणत. ते हल्लीं ट्रक नेहमीं उतारावर, तोंड खालीं करून लावीत. मालकांना वाटे, ढकलून सुरू करतां यावा म्हणून ही युक्ति, आणि असल्या धक्क्यांनींच गाडी बिघडली. मामांना रजा देण्यापर्यंत गोष्ट आली होती.

मला बोलावणें आलें तेव्हां पंप उतरविण्याचें ठरलेंच होतें. मीं एक दिवसाची मुदत मागून घेतली.

येथें थोडें यंत्राविषयीं सांगितलें पाहिजे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतली हवा दाबून इतकी तापविली जाते कीं तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं हें इंजिन यशस्वी करून दाखविलें. परंतु फवारा उडविण्यास त्यांना दाबलेल्या हवेचें अवजड साहित्य लागे. १९२७ सालीं जर्मनींत बॉश कंपनीनें मालमोटारींसाठीं फवाऱ्याचे पंप विक्रीस काढले. आमच्या ट्रकचा पंप त्याच कुळांतला.

या रचनेंत दाब दोन प्रकारचे. लहान फीड पंप टाकींतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. तेथें वातावरणाहून एक-दोन पट अधिक दाब पुरतो. मोठा पंप तेंच डिझेल नोझलमधून सुमारें दोनशें पट दाबानें फवारतो. द्रव पदार्थ दाबला तरी जवळजवळ आकसत नाहीं, म्हणून हें साधतें. पण मध्यें हवेचा बुडबुडा शिरला कीं तो स्प्रिंगसारखा दबतो, सारा जोर गिळतो आणि नोझल उघडतच नाहीं. आमचे कारागीर याला 'गाडीनें एअर घेतली' असें म्हणतात.

आतां ही हवा शिरते कोठून? नळीनें सरबत पिणारें मूल आपण पाहिलें आहे. नळीला वरच्या अंगास बारीक भोंक असेल तर सरबत बाहेर गळत नाहीं; उलट हवा आंत येते आणि मुलाच्या तोंडांत नुसता सुरसुर आवाज राहतो. फीड पंपापुढचा पाइप फुटला तर जमिनीवर डिझेलचा थेंब पडतो आणि दोष सांपडतो. परंतु टाकी आणि फीड पंप यांमधला पाइप शोषणारा. त्याला चीर पडली तर थेंबहि पडत नाहीं. गाडी उभी असतांना त्याच चिरेंतून हवा शिरते आणि पाइपांतलें डिझेल हळूहळू टाकींत परत जातें. म्हणून दोष तासांनीं वाढतो.

मीं प्रथम सेल्फ मारून पाहिला. इंजिन चांगल्या वेगानें फिरत होतें. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हे. धुराड्यांतून धूर मुळींच येईना. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं असें समजलों असतों. मग फीड पंपावरचा लहान हातपंप दाबला. पहिले पंचवीस-तीस दट्टे पोकळ गेले, मग तो घट्ट लागूं लागला. आणि सेल्फ मारतांच इंजिन गर्जून उठलें. मोठा पंप निर्दोष असल्याची ही जवळजवळ साक्षच होती.

राहिला प्रश्न, हवा फीड पंपाच्या झडपेंतून शिरते कीं जुन्या पाइपांतून. त्या रात्रीं टाकीचा पाइप सोडून, टाकीच्याच पातळीला स्वच्छ डिझेलचा डबा ठेवला आणि नव्या पारदर्शक नळीनें तो फीड पंपाला जोडला. सकाळीं नळी भरलेली, आणि ट्रक पहिल्याच सेल्फला सुरू! झडप सुटली, दोष जुन्या पाइपांत.

पण पाइप लांब, चीर कोठें? तेव्हां मामा म्हणाले, "साहेब, टाकी भरलेली असली आणि तोंड उताराला असलें कीं गाडी लगेच लागते. म्हणून तर मी तशी लावतों." हें त्यांनीं मालकांनाहि सांगितलें होतें, कोणीं कान दिला नव्हता. त्यांना कारण ठाऊक नव्हतें, निरीक्षण मात्र अचूक होतें. तशा स्थितींत टाकींतलें डिझेल पाइपाहून उंच राहतें, तेव्हां हवा आंत न येतां डिझेल बाहेर झिरपूं पाहतें. आम्हीं जुना पाइप पुन्हां जोडला, टाकी भरली, ट्रक उतारावर लावला आणि सारा पाइप कोरडा पुसला. दुसऱ्या दिवशीं चासीला घासणाऱ्या रबरी तुकड्यावर, क्लिपेच्या खालीं, ओल्या धुळीचें एक बारीक कडें दिसलें. न गळणारी गळती गळती झाली होती.

रबरी तुकडा बदलला, सांध्यांतले तांब्याचे वॉशर नवे घातले, हातपंपानें हवा काढली. खर्च एका जेवणाच्या बिलाएवढा.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांस एवढेंच सांगतों कीं सेल्फ एका दमांत दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये. इंजिन लागत नाहीं म्हणून ईथरचा फवारा मारूं नये, त्यानें पिस्टनच फुटण्याचा संभव. आणि चालत्या नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींहि धरूं नये, ती धार कातडी भेदून आंत शिरते. आणि कोणताहि भाग बदलण्यापूर्वीं दाब कोठें नाहींसा होतो तें आधीं शोधावें.

मालकांनीं कर्ज काढलें नाहीं. ट्रक आतां सपाट जागेवरहि उभा राहतो, आणि मामा अजून तोच ट्रक चालवितात.