ग्रामसभेत बोलावे कसे?



कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. पतीनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली थांबाव्यात, असा तो ठराव होता. १७ मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरविण्याचे आवाहन केले.

उंबरठ्याआडचे दुःखही गावाच्या कामकाजात येऊ शकते, हे यावरून दिसले. मात्र विषय मांडण्याची रीत असते. विषयपत्रिका आधी वाचावी. ऐनवेळी विषय रेटला, की गलका तेवढा होतो आणि इतिवृत्तात काहीच उरत नाही. गटाराची तक्रार असेल, तर ठिकाण, काम, मंजूर रक्कम व वर्ष सांगावे. "कुणी लक्षच देत नाही" या वाक्याला ग्रामपंचायत अधिकारी तरी काय उत्तर देणार? भाऊबंदकीचा हिशेब येथे चुकता करू नये.

गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला ही अट नाही. म्हणजे घरी बसणाऱ्यांचा निर्णय मूठभर माणसे घेतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सह्यांपुरती उरू नये. तिथे निघालेला विषय ग्रामसभेत स्त्रियांनीच मांडावा, इतरांनी मध्येच तोडू नये.

सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून घ्यावा. सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदली गेली की नाही, तेही पाहावे.