वरवंडच्या तलावाचे पाणी



पुणे-सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला मागे टाकले की वरवंड लागते. गावाजवळ मोठा तलाव आहे. कागदोपत्री तो व्हिक्टोरिया तलाव. पण वरवंडचा तलाव म्हटले की कोणीही बोट दाखवील. आता गंमत अशी, की हा तलाव नुसत्या आपल्या शिवारातल्या पावसावर भरत नाही. दौंड तालुका अवर्षणातला. इथल्या आभाळावर विसंबून राहिले असते तर तलावात पाण्यापेक्षा गाळच अधिक दिसला असता. याचे पाणी येते खडकवासल्याहून, मुठेच्या उजव्या कालव्यातून. पाऊस पडतो सह्याद्रीच्या कुशीत आणि पेरणीची आशा पालवते वरवंडला.

म्हणून या तलावाकडे पाहायचे तर काठावर उभे राहून भागत नाही. तो कशाशी जोडला आहे हे पाहावे लागते. एखाद्या गोष्टीचा सुटा विचार न करता तिच्या मागच्या-पुढच्या सगळ्या जोडण्यांसह विचार करणे, याला अलीकडे व्यवस्थाविचार म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही. ज्याने रहाटगाडगे पाहिले आहे त्याला ती अर्धी कळलेलीच असते. एक गाडगे भरून वर येते तेव्हा दुसरे रिकामे होऊन खाली जात असते, आणि दोन्ही एकाच माळेत बांधलेली असतात.

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा तेही फुटले. पुढे पुन्हा बांधून काढले. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टी.एम.सी. पाणी साठवतात. त्यावर हक्क सांगणारे दोघे : पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूरकडची शेती. शहर वाढले तशी शेतीची वाटणी आखडत गेली. आपल्याकडे पारावर यावर एकच निकाल लागतो, "पुणेकर आमचं पाणी पितात."

निकाल खोटा नाही, पण अर्धा आहे. शहराने वापरलेले पाणी नाहीसे होत नाही. ते मुळा-मुठेत उतरते, आणि रांजणगाव सांडसजवळ नदी भीमेला मिळते. एका काठावर शिरूर, दुसऱ्या काठावर दौंड. तिथून ते उजनीत जाऊन साठते. म्हणजे एकाच धरणाचे पाणी आपल्या तालुक्यात दोन वाटांनी येते : कालव्याने स्वच्छ, नदीने घाण. पहिली वाट जितकी आटते तितकी दुसरी भरते. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरते, ती या हिशेबाची पावतीच समजा. शहराच्या मैलापाण्यातला काही भाग शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडतात. ही तडजोड बरी. पण ते पाणी खरोखर किती शुद्ध आहे, हे विचारत राहण्याचा अधिकार आणि काम दोन्ही आपले.

आता शहराला दोष देऊन झाला असेल तर आपल्या घरात डोकावू. कालव्यावरच्या उसाबद्दल शहाण्या माणसांनी शेतकऱ्याला भरपूर ऐकवले आहे. शेतकरी लोभी आहे म्हणून ऊस लावतो, असे एक सोपे उत्तर तयार असते. मला ते पटत नाही. जरा बांधावरून पाहा. आवर्तन कधी सुटेल, सुटले तर आपल्या चारीपर्यंत पोचेल की नाही, याचा भरवसा नसतो. अशा वेळी कोणते पीक लावावे? भाजीपाल्याला ऐन वेळी पाणी हुकले की पीक हातचे गेले. ऊस एखादी पाळी हुकली तरी तग धरतो. उतारा घटतो, पण उभा राहतो. शिवाय कारखाना घेणार आणि कायद्याने ठरलेला किमान दर मिळणार. मग भरवसा नसलेला माणूस ऊस लावतो. आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने बसतो आणि पाणी पीत राहतो. वरच्या अंगाला ऊस वाढला की खालच्या अंगाला, ज्याला आपण टेल म्हणतो तिथे, पाणी पोचत नाही. भरवसा आणखी कमी होतो. म्हणून आणखी माणसे ऊस लावतात.

पाहिलेत? गाडगे फिरून आपल्याच दारात आले. पाण्याचा भरवसा नाही म्हणून ऊस, आणि ऊस आहे म्हणून भरवसा नाही. यात दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाच केला, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज टंचाई झाली. एखाद्याला उपदेश करून हे चाक थांबत नाही. त्याने ऊस सोडला, तर ते पाणी शेजारचा घेतो.

कालव्याच्या पाझराचे असेच आहे. पाणी मुरून वाया जाते म्हणून अस्तरीकरण करा, असे अभियंते म्हणतात. कागदावर बरोबर. पण जे मुरते ते कालव्याकाठच्या विहिरींत उतरते. नीरेच्या कालव्यावर शेतकऱ्यांनी अस्तरीकरणाला विरोध केला तो याच भयाने. वाचवलेले पाणी कोणाच्या तरी विहिरीतून काढलेले असते. अस्तरीकरण करूच नये असे माझे म्हणणे नाही; विहिरीवाल्याला हिशेबात धरल्याशिवाय करू नये, एवढेच.

मग चाक अडवायचे कुठे? भरवशापाशी. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या टेलला ओझर आहे. तिथे पाणी पोचेना. बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने पाणी मोजून, घनमापाने घ्यायचे आणि सभासदांत स्वतः वाटायचे. आपल्या वाट्याला किती आणि कधी, हे आधी कळू लागले, तेव्हा लोक द्राक्षांकडे आणि भाजीपाल्याकडे वळले. तिथली माणसे काही आपल्यापेक्षा निराळ्या मातीची नाहीत. नियम निराळा झाला. २००५ साली अशा संस्थांसाठी राज्याने कायदाही केला. पण नुसत्या कायद्याने चारीचे गेट हलत नाही.

आणखी जवळचे उदाहरण शेजारच्या पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. 'जमीन माझी, म्हणून पाणी माझे' हा धागाच तोडला! पुढे साऱ्याच योजना टिकल्या नाहीत, हे खरे. पण बोअर शेजाऱ्यापेक्षा खोल न्यायची शर्यत आपण आज गावोगाव पाहतो, तेव्हा या नियमांची आठवण होते.

तरी नायगाव आणि वरवंड यांत एक फरक आहे, तो झाकून ठेवू नये. नायगावला पाणी गावाच्या डोळ्यांसमोर होते. वरवंडच्या तलावाची किल्ली पुण्यात, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत असते. तिथे मोठ्याने बोलणारे पुष्कळ जातात. आकडे घेऊन जाणारे थोडे.

इथे शिक्षक मंडळींना एक विनंती. वरवंड, पाटस, केडगावच्या शाळांतली मुले हे आकडे गोळा करू शकतात. सातवी-आठवीच्या वर्गाने गावातल्या पाच-सहा विहिरी निवडाव्यात. एक कालव्याजवळची, एक दूरची, एक उसातली, एक माळावरची. सुतळीला दगड बांधून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाण्याची खोली मोजावी आणि ती भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावी. मोजताना मोठे माणूस जवळ असावे. जवळच आवर्तनाची तारीख : धरणातून पाणी केव्हा सुटले, आपल्या चारीला केव्हा लागले, टेलला केव्हा पोचले, की पोचलेच नाही. कोणते पीक किती शेतांत आहे, तेही. वर्षभराने तक्त्यावर मुले बोटाने रेघ ओढतील तेव्हा भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र हे तीन तास एकाच तासात होतील. आणि कालवा समितीची पुढची बैठक लागेल तेव्हा सरपंचांनी तो तक्ता गुंडाळून बरोबर न्यावा.