शेवटचं ‘नाही’



साहित्याच्या मास्तराने आज लाइनी आणि पॅकेटांवर बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल. कारण एका मौखिकीत घडलं. परीक्षक परगावाहून फोनवर होते आणि तिथले फोन संगणकाच्याच लाइनवरून चालत. विद्यार्थिनीच्या मुख्य निष्कर्षावर ते म्हणाले, ‘हे मला मान्य नाही.’ आमच्याकडे पोचलं, ‘हे मला मान्य’. तिने हसून आभार मानले. बाजू मांडण्याची वेळ निघून गेली.

हिंदीत नकार बहुतेकदा क्रियापदाआधी येतो. आपल्या मराठीत तो वाक्याच्या शेपटाला असतो. नेमकं शेपूट तुटलं.

ते का तुटतं, हे मी नंतर समजून घेतलं. फोनवरचं बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या चकत्या करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५०. त्याच लाइनवरून फायलीही जातात आणि त्यांचं एकेक पॅकेट १५०० बाइटपर्यंत असतं. ६४ किलोबिटच्या लाइनवर असं एक पॅकेट बाहेर पडायला सुमारे १८७ मिलिसेकंद लागतात. साधारण एका अक्षराच्या उच्चाराएवढा हा वेळ! फाइल उशिरा पोचली तरी बिघडत नाही. आवाजाची चकती फार उशिरा आली, तर पलीकडचं यंत्र तिला टाकूनच देतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा.

मग आवाजाला अग्रक्रम द्यावा. देतातही, पण तेवढ्याने भागत नाही. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी गोपाळ मंदिरावरून पटनी बाजारात येते, तिला वाट द्यायची हे कुणाला सांगावं लागत नाही. पण अरुंद गल्लीत आधीच एखादा ट्रक शिरला असेल, तर तो बाहेर पडेपर्यंत मानकऱ्यालाही थांबावं लागतं. अग्रक्रम रांगेत चालतो. वाटेला लागलेल्याला मागे घेता येत नाही.

म्हणून ट्रकचेच तुकडे करायचे. मोठ्या पॅकेटचे ८०-८० बाइटचे तुकडे केले, तर त्या लाइनवर एकेक तुकडा १० मिलिसेकंदांत जातो आणि दोन तुकड्यांमधून आवाजाची चकती निघून जाते. पलीकडे तुकडे पुन्हा जोडतात. प्रत्येक तुकड्यावर वेगळा पत्ता-शिक्का लागतो, तेवढी लाइन खर्ची पडते. रुंद लाइनवर हा खटाटोप नको. केंद्राच्या २००५ च्या योजनेतून राज्यांची जी जाळी उभी राहिली, त्यांत तालुक्याच्या गटापर्यंत किमान २ मेगाबिटची लाइन ठरली होती, मजकुरासाठी आणि आवाजासाठीही. तिच्यावर तेच मोठं पॅकेट ६ मिलिसेकंदांत जातं. तिथे अग्रक्रम पुरतो. मात्र आवाजाच्या रांगेलाही मर्यादा हवी, नाहीतर फायलींची पाळीच येणार नाही.

यंत्राला ‘नाही’ कळत नाही. कुठली चकती मोलाची हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून सगळ्याच बोलण्याला वाट द्यावी लागते.

‘अमान्य’ म्हणावं, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. पण ‘अ’ गळला की पुन्हा तेच! आता फोनवरच्या मौखिकीत मी परीक्षकांना कारणासकट बोलायची विनंती करतो आणि त्यांचं म्हणणं मोठ्याने परत म्हणून दाखवतो. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात लेखी उत्तर पाठवलं. परीक्षकांनी त्यातलं अर्धं मान्य केलं. उरलेल्या अर्ध्यावर दोघांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.