रात्रपाळीनंतरची झोप



लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी नर्स आहे’ म्हटले की आपल्याला पगार दिसतो, सेवाभाव दिसतो. ड्यूटीचे वेळापत्रक दिसत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ साली सांगितले. पहिला वेळेचा. आमच्यासारख्या सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात दुपारच्या ड्यूटीवर गेलेली सून संध्याकाळचा स्वयंपाक कसा करणार? दुसरा ताणाचा. मृत्यू पाहून आलेले मन चपलेसारखे उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही. तिसरा वागण्याचा. वॉर्डात ठाम बोलणे हा गुण, स्वयंपाकघरात तोच उद्धटपणा ठरतो.

हे वर्षानुवर्षे चालले की माणूस आतून विझतो. त्यालाच बर्नआउट म्हणतात. मन पार थकणे, रुग्णाविषयी कोरडेपणा येणे आणि ‘माझ्या हातून काहीच होत नाही’ असे वाटणे, या त्याच्या तीन खुणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आणलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. म्हणून पहिली जबाबदारी रुग्णालयाची. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असे २०१७ पासून कायदाच सांगतो. आपल्यापैकी जे रुग्णालयांचे विश्वस्त असतील, त्यांनी आपल्याकडे ते आहे का, एवढे पाहावे.

दुसरी जबाबदारी घराची. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७.

माझ्याकडे या भगिनी झोप, पित्त, चिडचिड अशा तक्रारी घेऊन येतात. साबुदाण्याएवढ्या गोळ्या मी देतोच. पण रात्रपाळी करून नऊला आलेल्या बाईला अकराला पाहुण्यांच्या चहासाठी उठवले, तर कोणत्याही पॅथीचे औषध काय करणार?

तेव्हा महिन्याचा ड्यूटी चार्ट फ्रीजवर लावा. तिची दिवसाची झोप देवपूजेइतकीच जपा. त्या वेळी बेल वाजली तर दार सासऱ्यांनी उघडावे. आणि मुलाने कुकर लावला म्हणून घराण्याची अब्रू जात नाही, हे आपण वडीलधाऱ्यांनीच मोठ्याने म्हणावे. सुनेने म्हटले तर तो वाद होतो. आपण म्हटले तर ती घराची रीत होते.